चुकीच्या क्रमाने ऐकलेला अल्बम

'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम मला मिळाला तो सांगलीच्या हॉस्टेलमध्ये, एका सीनियरच्या हार्डडिस्कमधून. २०१५ चा पावसाळा होता आणि मी सेकंड इयरला होतो. फोल्डरचं नाव नुसतं 'क्वीन'. आत बारा एमपीथ्री फाइली, पण ट्रॅक नंबर कुणीतरी उडवलेले. त्यामुळे माझ्या फोननं गाणी एबीसीडीप्रमाणे लावली. आकडा अक्षरांच्या आधी येतो, म्हणून पहिलं गाणं 'थर्टी-नाइन'. त्यामागे लगेच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. शेवटी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'.

तीन वर्षं मी हा अल्बम याच क्रमानं ऐकला आणि मला तोच खरा वाटत होता. एकच गोष्ट खटकायची. 'द प्रॉफेट्स साँग' हे आठ मिनिटांचं गाणं शेवटी वाऱ्यात विरत जायचं, तारा छेडल्यासारखा काहीतरी आवाज सुरू व्हायचा आणि फाइल मध्येच तुटायची. मला वाटायचं, डाउनलोड करप्ट आहे. खूप नंतर कळलं की मूळ रेकॉर्डवर ते गाणं न थांबता 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये उतरतं. पूल होता, आणि माझ्याकडे त्याचं एक टोक कायम पाण्यात सोडलेलं होतं.

त्या वर्षी माझा एम-थ्री राहिला. जानेवारीत निकाल लागला आणि मी महिनाभर साताऱ्याला गेलोच नाही. पप्पा एसटीत कंडक्टर, सातारा डेपोला. त्यांनी कुणाशी तरी ड्यूटी बदलून घेतली आणि सांगलीची गाडी घेऊन आले. परतीची गाडी सुटायला दीड तास होता. तेवढ्यात रिक्षानं विश्रामबागला हॉस्टेलवर आले, खाकी कपड्यांत, हातात डबा. निकालाबद्दल एक अक्षर काढलं नाही. कॉटवर बसले आणि म्हणाले, "काय ऐकत असतोस कानात घालून, बघू." मी एक इयरफोन त्यांना दिला. 'लव्ह ऑफ माय लाइफ' चालू होतं. इंग्रजी त्यांना तिकिटापुरतं येतं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "कुणीतरी सोडून गेलंय वाटतं याला." मग घड्याळ बघून उठले.

गेल्या नोव्हेंबरात या अल्बमला ५० वर्षं झाली.

नुसतं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकलेल्यांना हा अल्बम काय आहे ते कळलेलं नसतं, म्हणून थोडं सांगतो. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये काही पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. रेकॉर्डची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, मग एकच रचना वीस मिनिटं का चालू नये? ताल मध्येच का बदलू नये? किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही त्यातली मोठी नावं. पुढे याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' आपल्याकडच्या प्रत्येक इंजिनिअरिंग हॉस्टेलला माहीत असतो. भिंतीवर तो त्रिकोणी लोलक नसेल तर ते हॉस्टेल नव्हे. क्वीनला या यादीत बसवायला कट्टर लोक तयार नसतात. ते म्हणतात, हे फार नाटकी. मला वाटतं, नाटकी आहे म्हणूनच १९७५ चा हा अल्बम त्या यादीत हक्कानं बसतो. इथे प्रत्येक गाणं वेगळ्या घरातून आलंय. एक जुन्या काळच्या म्युझिक हॉलमधलं, एक गाडीवर प्रेम करणाऱ्याचं, एकात ब्रायन मेनं गिटारमधूनच अख्खा जॅझ बँड उभा केलाय. 'थर्टी-नाइन' ऐकायला लोकगीतासारखं, पण गोष्ट अंतराळवीरांची. ते प्रवासाहून परत येतात तेव्हा त्यांचं वय एका वर्षानं वाढलेलं असतं आणि घरी शंभर वर्षं उलटलेली असतात. आइन्स्टाइनची सापेक्षता बारावीला मी घोकून सोडली होती, ती मला पहिल्यांदा या गाण्यात लागली. ते लिहिणारा ब्रायन मे अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएचडी २००७ मध्ये पूर्ण करून डॉक्टर झाला. त्याची गिटारही विकतची नाही. १९६३ मध्ये त्यानं आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवायला घेतली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड तासून. हे १९६३ साल लक्षात ठेवा.

आणि मग ते पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटनं एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं. पुढे ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

मधला जो ऑपेराचा तुकडा आहे, त्याचं रेकॉर्डिंगच सुमारे तीन आठवडे चाललं. गाणारे तिघंच. वरचा बारीक सूर ड्रमर रॉजर टेलरचा, खालचा ब्रायन मेचा, मधला फ्रेडी मर्क्युरीचा. टेप चोवीस ट्रॅकची. त्यांना तर शेकडो माणसांचा कोरस हवा होता. मग काय करायचं, काही ट्रॅक गाऊन भरायचे, ते एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. एकदा उतरवलं की मागे जाता येत नाही. आम्ही कोड लिहिताना दहा वेळा मागे जातो, गिटमध्ये प्रत्येक चूक जपून ठेवलेली असते. इथे प्रत्येक मर्ज कायमचा. आवाजांचे असे १८० च्या आसपास थर झाले. टेप यंत्राच्या हेडवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा तपकिरी लेप झिजून ती उजेडात आरपार दिसायला लागली.

सांगलीतला माझा एक वर्गमित्र गावभागात राहायचा. मेसला सुट्टी असली की रविवारी मी त्याच्याकडे जेवायला. त्याचे आजोबा संगीत नाटकाचे भक्त. भिंतीतल्या फडताळात नाट्यपदांच्या कॅसेट, प्रत्येकीवर निळ्या शाईत पदांची यादी. एकदा त्यांनी आम्हाला पकडलंच. "तुम्ही पोरं कानात बोळे घालून ऐकता ते आम्हालाही ऐकवा की." मित्रानं कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावलं. मला आत धाकधूक, आजोबा आता काय म्हणतात.

सुरुवातीचा पियानो आणि संथ भाग त्यांनी डोळे मिटून ऐकला. "आईला काहीतरी कबूल करतोय," म्हणाले. शब्द त्यांना कळत होते की सुरावरून ओळखलं, कुणास ठाऊक. ऑपेराचा भाग सुरू झाला तसे ताठ बसले. "हां, आता प्रवेश बदलला. हे दोन पक्ष भांडतायत. याला सोडा म्हणतायत काही, काही म्हणतायत सोडायचं नाही." अगदी तेच चाललेलं असतं तिथे. मग त्यांनी विचारलं, "किती माणसं आहेत रे ही?"

"तिघं आहेत, आजोबा."

"तिघांत एवढी मंडळी?" ते हसले. "म्हणजे आमच्या भाव्यांसारखंच की."

मला संदर्भ लागला नाही, तेव्हा त्यांनी आमची शिकवणीच घेतली. १८४३ मध्ये याच सांगलीत, अधिपती चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून ५ नोव्हेंबर पाळतात तो त्याचाच. त्या नाटकांत पात्रं उत्स्फूर्त बोलायची, पण पदं सगळी सूत्रधारच म्हणायचा. रामाचंही पद त्याचं, सीतेचंही त्याचंच. एका गळ्यातून अख्खा दरबार. जवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे 'शारदा' लिहिलं. आणि खरी गंमत त्यांनी शेवटी सांगितली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' संगीत करून मंचावर आणलं, ते एका पारशी नाटक मंडळीचा गाण्यांचा खेळ पाहून. "आपल्याला ऑपेराचं वेड पारशांनी लावलंय," आजोबा म्हणाले. "हा कोण गातोय, इंग्रज का?"

मी म्हणालो, "हो, लंडनचा आहे."

गाणं संपलं तेव्हा आजोबा म्हणाले, "वन्स मोअर." आम्ही पुन्हा लावलं.

आजोबांना मी दिलेलं उत्तर चूक होतं, हे मला २०१८ मध्ये कळलं. तोवर डिग्री हातात आली होती, पुण्यात नोकरी लागली होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नावाचाच सिनेमा आला आणि ऑफिसातल्या दहाबारा जणांसोबत मी तो पाहिला. मध्यंतरात एक सहकारी समोशाचा घास घेत सहज म्हणाला, "तुझ्या गावाकडचा ना रे हा? पाचगणीला होता शाळेत." मला वाटलं, फेकतोय. मध्यंतरानंतरचा सिनेमा मी नीट पाहिलाच नाही, मांडीवर मोबाइल ठेवून वाचत बसलो.

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारमधल्या स्टोन टाउनचा. घर पारशी, मुळं गुजरातची, आडनावातच बलसार म्हणजे आजचं वलसाड. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, हिशेबाच्या कामावर. मुलगा आठ वर्षांचा झाला तसं त्याला समुद्रापार शिकायला पाठवलं. जहाजानं मुंबई, आणि तिथून आमच्या जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पाचगणीतच का, तर तेव्हाच्या परदेशस्थ पारशी घरांच्या दृष्टीनं ते उघडच होतं. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं हे गाव वसवलं, रस्त्याकडेला सिल्व्हर ओक लावले. त्याची कबरही तिथल्या चर्चच्या आवारात आहे. इंग्रज साहेबांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, थंड कोरडी हवा म्हणून क्षयाचं आरोग्यधाम निघालं, ते काढणारे डॉक्टर बिलिमोरियाही पारशीच. गावात पारशी-इराणी बंगले होते. मुंबईत त्याचे नातेवाईक होते, सुट्टीत जायला.

साधारण आठ वर्षं तो तिथे राहिला. सिनेमात ही आठ वर्षं जवळपास नाहीतच. त्यातली गोष्ट सुरू होते तेव्हा हा माणूस लंडनच्या विमानतळावर बॅगा उचलत असतो. पण फारोखचा फ्रेडी झाला तो पाचगणीत. शाळेतली पोरं आणि शिक्षक त्याला फ्रेडी म्हणू लागले. पुढे आलेल्या दातांवरून 'बकी' असंही चिडवायचे. टेबल टेनिस चांगलं खेळायचा, बॉक्सिंगही करायचा. त्याच्या चरित्रांत एक प्रसंग हमखास असतो. पोराला सुरांची जाण आहे हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी झांझिबारला पत्र लिहिलं की थोडी जादा फी भरून याला रीतसर पियानो शिकवू या. आईवडिलांनी भरली. तो चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला, शाळेच्या कॉयरमध्येही गायला. १९५८ मध्ये पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवायला. यात एक गोष्ट मला फार आवडते. पुढे जगभरच्या स्टेडियममध्ये लाखांना गायला लावणारा हा माणूस त्या बँडमध्ये मुख्य गायक नव्हताच. पुढे उभा राहून गायचा ब्रूस मरे. फ्रेडी मागे, पियानोवर. बाकीच्यांपैकी फरांग इराणी पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवायचे, आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात मोठे अधिकारी झाले.

आता त्या वर्षांत त्याच घाटात काय चाललं होतं ते पाहा. तो आला तेव्हा सातारा जिल्हा मुंबई राज्यात होता. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, आणि त्यांना काळी निशाणं दाखवायला हजारो माणसं एका बाजूला पोलादपूरला आणि दुसऱ्या बाजूला वाईजवळ पसरणीच्या घाटात जमली. घाटाच्या माथ्यावरच्या शाळेत तेव्हा हा अकरा वर्षांचा मुलगा पियानोच्या पट्ट्या शिकत होता. आणि घाटाच्या पायथ्याचं पसरणी गाव कुणाचं? शाहीर साबळ्यांचं. एका घाटाची दोन टोकं, खाली शाहीर साबळे, वर फ्रेडी मर्क्युरी. मी त्या घाटातून शंभरदा तरी गेलो असेन, आणि दर वेळी फक्त उलटी होऊ नये एवढीच काळजी केली.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परत गेला. इकडे लंडनजवळ ब्रायन मे वडिलांसोबत लाकूड तासायला बसला होता. पुढच्याच जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, माणसं मारली गेली आणि बलसारा कुटुंब सामान आवरून इंग्लंडला पळालं. फ्रेडी सतरा वर्षांचा होता. ज्या घरासाठी आठ वर्षं दिवस मोजले, त्या घरात तो फार काळ राहिलाच नाही.

सिनेमानंतर आमच्या फॅमिली ग्रुपवर 'साताऱ्याचा सुपुत्र' असा एक फॉरवर्ड फिरत होता. शिवाजी महाराज, यशवंतराव आणि फ्रेडी मर्क्युरी एका ओळीत. मीही तो दोन ठिकाणी ढकलला, खोटं कशाला बोलू. नंतर वाईट वाटलं. त्याला आपला म्हणायला आपण काय केलं? आपण त्याला हवा दिली, ती तर फुकट होती. लंडनजवळ फेल्टममध्ये त्याच्या घराला २०१६ मध्ये निळी पाटी लागली, पण तिथे तरी तो कुठे आयुष्यभर राहिला. हा माणूस कुठलाच नव्हता आणि त्यानं ते लपवलंही. नाव बदललं, जुन्या गोष्टी मुलाखतींत फारशा येऊ दिल्या नाहीत. रागदारीचे सूर त्याच्या गाण्यात शोधणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिलेत. मला पटत नाहीत. माझ्या कानाला पाचगणी ऐकू येते ती वेगळीकडे. 'द प्रॉफेट्स साँग'च्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि फ्रेडी एकटा गातो. त्याचा आवाज टेपवरून थोड्या उशिरानं परत येतो, तो त्याच्यावरच पुढची ओळ गातो, ती परत येते, मग तिसरी. एकच माणूस स्वतःचा कॉयर होतो. टेबल लँडच्या कड्यावर उभं राहून दरीत हाक मारलीत तर कळेल मी काय म्हणतोय. याला पुरावा नाही. स्टुडिओत ते दोन टेप मशीननं केलं, हे मला माहीत आहे. ते गाणंही ब्रायन मेचं. तरी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. मित्राच्या घराचा तळमजला दोन दिवसांत बुडाला. सगळे वरच्या मजल्यावर गेले, मग बोटीतून बाहेर. पाणी ओसरल्यावर त्यानं मला गच्चीचा फोटो पाठवला. आजोबांच्या कॅसेट वाळत घातल्या होत्या, ओळीनं, पापडासारख्या. काहींची टेप बाहेर आली होती, चिखलानं तपकिरी की मुळातली तपकिरी, ओळखू येत नव्हतं. निळी शाई सगळी गेली होती. ते पाणी आमच्याकडूनच खाली आलेलं. कृष्णा उगवते महाबळेश्वरला, पाचगणीच्या कड्याखालून वाहते, वाईवरून, साताऱ्याजवळ माहुलीवरून, कऱ्हाडवरून सांगलीत पोचते. आता पाचगणीवरून खाली बघितलं की धोम धरणाचं पाणी दिसतं. फ्रेडीच्या वेळी धरण नव्हतं, दरीत नुसती नदी दिसत असणार. मी मित्राला फोन केला. आजोबांना दिला त्यानं. मी सांगितलं, "आजोबा, तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. तो गाणारा पारशी होता." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "सांगत नव्हतो मी तुला?"

पप्पांना मात्र मी हे सांगितलंच नव्हतं. नोकरीत ते वीसेक वर्षं सातारा–महाबळेश्वर गाडीवर होते, त्या शाळेच्या गावातून रोज दोनदा. तरी कधी विषय निघाला नाही. कारण साधं आहे, आम्ही दोघं फारसं बोलत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, अल्बमला ५० वर्षं झाली त्या आठवड्यातल्या शनिवारी, मी घरी होतो. म्हटलं, पप्पा, पाचगणीला जाऊन येऊ. ते निवृत्त झालेत. गाडी मी चालवत होतो आणि ते खिडकीशी बसून, सवयीनं, प्रत्येक थांब्याला मागे वळून बघत होते. पसरणीच्या घाटात मी अल्बम लावला, आता बरोबर क्रमानं. शाळेपर्यंत गेलो. आत जायचा हट्ट केला नाही. शाळा आहे, आत पोरं असतात, आणि दरवाज्यापाशी उभं राहून गाण्याचे फोटो काढणारे आपण पहिले नसतो. बाहेरच चहा घेतला. तिथे मी त्यांना सगळं सांगितलं, झांझिबार, जहाज, आठ वर्षांचा मुलगा, पियानो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठ वर्षांचा. मला एक भेटलं होतं असलं पोरगं."

मी लहान असतानाची गोष्ट. जून महिना, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, संध्याकाळची साताऱ्याची गाडी, पाऊस. पाचगणी स्टँडला एक पोरगं एकटंच चढलं. आठ-नऊ वर्षांचं, अंगात रेनकोट, खाली युनिफॉर्म. पप्पांनी विचारलं, कुठं? म्हणालं, मुंबई. म्हणजे हिंदीत विचारत होतं, ही बस मुंबईला किती वाजता पोचते. मुठीत सुटे पैसे. "रडत न्हवतं," पप्पा म्हणाले, "तेच मला कसंतरी वाटलं. रडलं असतं तर बरं झालं असतं." गाडी भरलेली, लोक घाई करत होते. तिकिटाशिवाय बसवता येत नाही, म्हणून त्यांनी ट्रेमधून साताऱ्याचं अर्धं तिकीट फाडलं, पंच केलं, पैसे घेतले. आणि दांडेघर नाक्यावर बेल मारून गाडी थांबवली. दहा मिनिटं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. खालून वर जाणारी एसटी आली तशी त्या कंडक्टरच्या हातात पोराचा हात दिला. शाळेत नेऊन पोचव, म्हणाले, स्टँडवर सोडू नको.

"कुठल्या शाळेचं होतं?"

"ते कोण विचारत बसलंय. गावात काय एक शाळा हाय." चहाचा कप त्यांनी बाकड्यावर ठेवला. "उतरताना पोरगं म्हणालं, अंकल, मेरा पैसा. तिकीट तर पंच झालेलं, वे-बिलात गेलेलं. मग खिशातले दिले. तिकीट घेतलं माघारी, उगं त्याच्याकडं र्‍हायलं तर परत दुसऱ्या गाडीत चढंल."

मला एम-थ्रीचा तो जानेवारी आठवला, खाकी कपडे, डबा, दीड तास. त्यांनी तेव्हा काय काय ओळखलं होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. चहावाल्यानं रिकामे कप उचलले. आम्ही गाडीत बसलो. 'द प्रॉफेट्स साँग' मध्येच थांबवलं होतं, ते मी पुढे सुरू केलं. गाव मागे पडलं, सिल्व्हर ओक संपले, नाका आला. आवाज वाऱ्यात विरले, तारा छेडल्या गेल्या आणि कुठेही न तुटता दुसरं गाणं सुरू झालं.

"हे तूच ऐकवलं होतंस मला," पप्पा म्हणाले. "सांगलीला."

"हो."

घाटाच्या दोन वळणांपर्यंत ते गप्प होते. मग विचारलं, "ह्याची आई? भेटली का ह्याला नंतर?"

म्हटलं, भेटली. लंडनमध्येच होती. तो १९९१ मध्ये गेला, ती त्याच्यानंतर पंचवीस वर्षं होती, २०१६ पर्यंत.

"मग त्याच्या शेवटाला होती."

"हो."

त्यांनी मान हलवली, काच थोडी खाली केली आणि वळणावर समोरून येणाऱ्या एसटीला साइड द्यायला सांगितलं.